अकराव्या घरचं सरबत

"सोळाव्या-सतराव्या वर्षी किती प्यायचात?" असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा डोर्टेनं साळसूदपणे सांगितलं, "थोडीफार." घरी येऊन तिनं माळ्यावरची आपली पांढरी टोपी काढली. शाळा संपली की मिळणाऱ्या या टोपीच्या आत डेन्मार्कमधल्या रिबे गावची पोरं पराक्रमाच्या खुणा करतात. एका दिवसात बिअरचा क्रेट फस्त केला की एक चांदणी. डोर्टेच्या टोपीत चार होत्या. थोडीफार म्हणे!

स्तनातली कर्करोगाची गाठ काढून वर्ष झालं होतं आणि डोर्टे आता ठणठणीत होती. गाठ त्या बिअरमुळेच झाली, असं कुणी खात्रीनं सांगू शकत नव्हतं. पण वाढत्या वयातली दारू पुढं हा धोका वाढवते, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि आता तशीच टोपी सिग्नेच्या, तिच्या एकुलत्या एका लेकीच्या, डोक्यावर चढली होती.

आज वर्गाचा ट्रक प्रत्येकाच्या घरी जाणार, दारोदारी आईबाप बिअरचे पेले भरणार, अशी रीतच होती. यांचं घर अकरावं.

"सरबत?" सकाळी सिग्ने किंचाळली. "आई, सगळे मला हसतील!"

"हसू देत. केमोच्या वेळी माझ्या उलट्या तू काढल्यास, सिग्ने. तुझ्यावर ती पाळी यायला नको."

"आजच्या दिवशी हे बोलायलाच हवं होतं?" दार आपटून लेक गेली.

डोर्टे रडवेली झाली. पोरीच्या हौसेच्या दिवशी आपण माती खाल्ली, असं तिला वाटत राहिलं. तरी तिनं एल्डर नावाच्या झुडपाच्या फुलांचं सरबत पातेलंभर केलं, मटणाचे गोळे तळले, नवे बटाटे उकडले.

चार वाजता भोंगा वाजवत ट्रक आला. उन्हानं लाल झालेली, घसे बसलेली चोवीस पोरं उतरली. सिग्ने सगळ्यांत मागे, मान खाली घालून.

आस्गर नावाच्या उंच पोरानं पेला उचलला. "यात काय आहे?"

"फुलं, लिंबू, साखर, पाणी," डोर्टे म्हणाली. "बाकी काही नाही."

त्यानं एका दमात पेला रिकामा केला. "काकू, देव तुमचं भलं करो! दहा घरं झाली, साधं पाणी कुणी विचारलं नाही!"

मग झुंबडच उडाली. पातेल्याचा तळ दिसला, गोळे संपले, ड्रायव्हर भोंगा वाजवून दमला तरी कुणी हलेना. "याची खूण कुठली?" आस्गरनं विचारलं. अशी खूण नव्हतीच. पोरांनी थोडा वाद घातला आणि पेन काढून टोप्यांमध्ये फुलं काढायला बसली.

निघताना सिग्ने आईच्या गळ्यात पडली.

"किती प्यायलीस गं?" डोर्टेनं हळूच विचारलं.

"थोडीफार."

हा शब्द डोर्टेच्या ओळखीचा होता. "आण बघू ती टोपी इकडे."

सिग्नेनं हसत टोपी काढून दिली. चार दिवस डोक्यावर असलेल्या त्या टोपीत चांदणी एकही नव्हती. एक फूल तेवढं होतं, अजून शाई न वाळलेलं.