बाहेरून उघडणारं दार

दीराने बॉनेट वर केलं तेव्हा ती मागच्या सीटवर बसून दाराला आतून खांदा लावत होती. दार हललं नाही. जिथे उघडायची कडी असायला हवी तिथे एक सपाट पत्रा होता, चारी कोपऱ्यांत स्क्रू पिळून बसवलेला. काच खाली करायलाही काही नव्हतं. पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधोमध छतापर्यंत लोखंडी जाळी होती. तिने जाळीत बोटं अडकवून ती ओढून पाहिली, ढकलून पाहिली. मग काचेवर टकटक केली आणि गाडीवाल्याने येऊन बाहेरून दार उघडलं.

"पसंत पडली ना?" त्याने विचारलं.

"इंजिन बघू दे आधी भाऊजींना," ती म्हणाली. इंजिनातलं तिला स्वतःला ओ की ठो कळत नव्हतं.

जुन्या गाड्यांचं ते आवार शहराबाहेरच्या रुंद रस्त्याला लागून होतं. पोलिसांनी वापरून लिलावात काढलेल्या गाड्या हा माणूस उचलायचा, धुऊन-पुसून पांढरा रंग मारायचा आणि ओळीने उभ्या करायचा. ऊन तिरपं झालं की रंगाखालची जुनी अक्षरं दिसू लागत. पण बोलणाऱ्याची माती विकली जाते, आणि याच्याकडे तर चांगल्या चार चाकांच्या गाड्या होत्या. सरकारी गाडी म्हणजे वेळच्या वेळी तेलपाणी, एकहाती वापर, मीटर तर बघा किती कमी पळालंय, असं त्याचं मघापासून अखंड चाललं होतं.

दीराचं स्वतःचं गॅरेज होतं. असली कीर्तनं त्याने रोज ऐकलेली. त्याने तेलाची पट्टी बाहेर काढली, तेल दोन बोटांत चोळलं, हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. मग वहिनीला बाजूला घेऊन समजावलं. ही गाडी नाक्यावर रात्र-रात्र उभी राहिलेली असणार, इंजिन चालू ठेवून. ते मीटरवर चढत नाही, पण झिजायचं ते झिजतंच. माणूस नुसता बसून राहिला म्हणून म्हातारा व्हायचा थांबतो का? छतावर दिव्याची पट्टी होती तिथली भोकं पुट्टी भरून बुजवली होती, पावसाचं पाणी तिथून उतरणार. डॅशबोर्डाखाली वायरलेसच्या तारा तोडून तशाच लोंबत ठेवल्या होत्या. चालकाची सीट एका अंगाला खचली होती. एवढ्या पैशांत मी तुम्हाला छानशी लहान गाडी शोधून देतो, त्याने सांगितलं, हा पांढरा हत्ती कशाला पोसता?

ती म्हणाली, पत्रा मजबूत आहे. हे तिने फोनवरही सांगितलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ते नीट जमतही नव्हतं.

गाडीवाल्याच्या खोलीत तिचा नवरा खुर्चीवर बसला होता. येताना त्याला दीराच्या गाडीत पुढे बसवलं होतं, आणि मागे बसून ती वाटभर त्याचा खांदा धरून होती. आता त्याने गाडीवाल्याचा चष्मा मागून घेतला होता आणि खिशातल्या मऊ फडक्याने काचा पुसत होता. दोघांचं चष्म्याचं दुकान. उभं आयुष्य त्याने लोकांना अक्षरं वाचायला लावली, आता स्वतःच्या दुकानाची पाटी त्याला लागत नव्हती. पण दुकानात बसवलं, समोर चष्म्यांचा ढीग ठेवला, की तो दिवसभर शांत असे. गिऱ्हाइकांशी गोड बोले. पुसलेलेच चष्मे पुन्हा पुसायला देण्यात तिचंही काही जात नव्हतं.

घोडं अडलं होतं ते घर आणि दुकान यांच्यामधल्या रस्त्यावर. मागच्या महिन्यात ती गाडी चालवत असताना भर वेगात त्याने दार उघडलं, "आलं आपलं दुकान," म्हणाला आणि पाय बाहेर टाकला. कोपर हाडापर्यंत सोलून निघालं. दीराला तिने सांगितलं, न्हाणीघरात घसरले. मग तिने त्याला मागे बसवलं आणि लहान मुलांसाठी असतं ते लॉक लावलं, तर तो दोन सीटच्या मधून पुढे आला आणि त्याने हातब्रेक ओढला. गाडी गिरकी घेऊन आडवी झाली. मागून ट्रक येत होता, त्याने कसाबसा वळसा घेतला. ट्रकवाल्याने घातलेल्या शिव्या तिने मान खाली घालून ऐकल्या, कारण त्यातली एकही चुकीची नव्हती.

घरी सांभाळायला दोन बायका ठेवून झाल्या, दोघीही टिकल्या नाहीत. राहता राहिली ती विस्मरणाच्या रुग्णांना ठेवून घेणारी संस्था. ती जाऊन पाहूनही आली होती. स्वच्छ होती, माणसं बरी होती, आणि खोल्यांना बाहेरून कड्या होत्या. रोजच्या या रस्त्याचा प्रश्न सुटला तर तो घरी राहणार होता, नाहीतर तिथे.

दीर हात पुसत म्हणाला, "बरं, तुमचा हट्टच असेल तर घ्या. ही जाळी मी उद्याच उतरवतो. दारांना कड्या बसवतो."

"ते राहू द्या."

"काय राहू द्या?"

"जाळी. आणि दारं."

मग तिला सगळं सांगावं लागलं. न्हाणीघराचं खोटं, हातब्रेक, ट्रक. संस्थेचंही सांगितलं. तो ऐकत होता आणि हात पुसत होता, हात केव्हाच स्वच्छ झाले होते तरी.

"दादाला चोरासारखं नेणार तुम्ही? रोज?"

"जिवंत तर नेईन," ती म्हणाली.

तो फडकं खांद्यावर टाकून पुन्हा गाडीकडे गेला आणि त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. आता जॅक लावून चारही चाकं काढली, ब्रेक उघडून पाहिले, गाडीखाली आडवा होऊन एकेक सांधा ठोकला. मघाशी ज्या गाडीला तो हात लावायला तयार नव्हता तिच्यासाठी आता गाडीवाल्याशी भांडला: पुढचे ब्रेक नवे हवेत, हे टायर चालणार नाहीत, स्टिअरिंगचा हा ढिलेपणा काढून द्या. गाडीवाल्याची बडबड हळूहळू आटली. तिला दीराविषयी माया दाटून आली, आणि आपण त्याला इतके दिवस फसवलं याची लाजही वाटली.

"एक फेरी मारून बघू," तो शेवटी म्हणाला, तिच्याकडे न बघता. "त्याला बसवूनच बघू."

पहिल्या खेपेला तीही मागे बसली. नवऱ्याला तिने आधी आत घेतलं, मग स्वतः चढली. गाडीवाल्याने बाहेरून दार लावलं. आवाज जड आला. जाळीतून दीराची मान आणि आरशातले डोळे दिसत होते. गाडी रस्त्याला लागली, वेग घेतला, आणि नवरा मुकाट्याने बाहेर बघत राहिला. एकदा त्याचा हात दारावर फिरला, पत्र्यावर थबकला आणि मांडीवर परत आला. महिन्याभराने ती पहिल्यांदाच सीटला टेकून बसली होती.

काहीतरी जळल्याचा वास आला. दीराने गाडी कडेला घेतली, उतरला आणि बॉनेट वर केलं. इंजिन त्याने चालूच ठेवलं होतं. समोर आता नुसता पांढरा पत्रा दिसत होता. ऊन काचेवर होतं, वास आत भरू लागला. तिने सवयीने दाराकडे हात नेला आणि बोटं पत्र्यावरून घसरली. तिला ठाऊक होतं. थोड्या वेळापूर्वी तिनेच खांदा लावून खात्री करून घेतली होती. तरी तिने काच वाजवली. मग तळहाताने बडवली. "भाऊजी," तिने हाक मारली, इंजिनाच्या आवाजात ती कुठे पोचणार.

नवऱ्याने तिचं मनगट धरलं.

"अगं, घाबरू नकोस," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आपण काही केलेलं नाही ना? मग सोडतात. थोडा वेळ बसवून ठेवतात, विचारतात, आणि सोडतात."

कितीतरी महिन्यांनी तो तिच्याशी असं बोलत होता, नवरा बायकोशी बोलतो तसं. तिला रडू फुटलं. तो समजूत काढत राहिला. मग त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं आणि हाताने केस सारखे केले.

दार उघडलं. दीर घामाने निथळला होता, पण चेहरा मोकळा होता. "काही नाही, वहिनी. सायलेन्सरवर तेल सांडलं होतं, तेच जळत होतं. गाडी चांगली आहे. घ्या तुम्ही."

नवरा तिच्या अंगावरून पुढे वाकला.

"साहेब," तो म्हणाला, "हिचं यात काही नाही. हिला घरी जाऊ द्या. काय विचारायचं ते मला विचारा."

दीराचा हात दारावर तसाच राहिला. आजवर दादाने त्याला नावाशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. "दादा, मी आहे," एवढंच तो म्हणाला, आणि तेही धड ऐकू आलं नाही.

नवरा तिला पाठीवर हात ठेवून हळूच बाहेर सारत होता. जा, जा, म्हणत होता. ती उतरली. तो सीटच्या मधोमध सरकला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून सरळ बसला. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. दीर तिच्याकडे बघत होता. दार लावायचं की नाही, हे त्याला तिच्याकडूनच हवं होतं.

ती गाडीला वळसा घालून पलीकडे गेली. तिकडचं दार बाहेरून सहज उघडलं. ती आत जाऊन नवऱ्याशेजारी बसली आणि दार स्वतःच ओढून घेतलं.

"लावा भाऊजी," ती म्हणाली.

नवऱ्याने तिच्याकडे चिडून पाहिलं, दुकानात एखादं काम दोनदा करावं लागलं की बघायचा तसं.

"अगं, तुला सोडलं होतं ना," तो म्हणाला.