चार नंबरच्या खोलीचं रीडिंग

अंबडच्या कारखान्यांमागे, चुंचाळ्याच्या बाजूला बोरस्तेकाकांच्या सहा खोल्या होत्या आणि सहा खोल्यांना मिळून विजेचं एकच मीटर. बिल आलं की काका त्याचे सहा समान भाग करून मोकळे होत. या हिशेबावर सगळ्यांत जास्त धुसफुसायची ती शुभांगी, आणि तीही स्वतःसाठी नाही. ती भौतिकशास्त्र शिकलेली, एका कंपनीत मोजमापाची उपकरणं तपासायची तिची नोकरी. तिला खटकायचा तो नवसाबाईंचा वाटा.

नवसाबाई पेठ तालुक्याकडच्या. बांधकामावर विटा वाहायच्या, भातलावणीला महिनाभर गावी जायच्या. खोलीत एक दिवा आणि मोबाइलचा चार्जर. तरी त्यांनी साईइतकंच बिल भरायचं, ज्याच्या खोलीत फ्रिज, कूलर आणि रंगीत दिवे लागणारा कॉम्प्युटर होता. जो जेवढी वीज ओढेल त्याने तेवढीच भरावी, हे शुभांगीने काकांना इतक्यांदा ऐकवलं की शेवटी ते वैतागले. एवढं कळतं तर तूच बसव खोलीगणिक सबमीटर आणि रीडिंगही तूच घेत जा, असं म्हणून त्यांनी अंग काढून घेतलं.

तिने खरोखरच सहा सबमीटर आणली. कंपनीच्या प्रयोगशाळेत एकेक तपासून घेतलं, एकात किंचित फरक निघाला तर ते दुकानदाराला परत देऊन बदलून आणलं. वायरमनने सगळी मीटरं बाहेरच्या भिंतीवर एका फळीवर ओळीने बसवली. आता साईचं पितळ उघडं पडणार म्हणून सगळ्यांनी त्याला छळून घेतलं. त्यानेही, आपण किडनीचे भाव काढून ठेवलेत, असं सांगून टाकलं.

महिना झाल्यावर शुभांगीने आकडे घेतले. नवसाबाईंचे नऊ युनिट. साईचे दीडशे. आणि चार नंबरच्या खोलीचे दोनशे सत्तर.

तिला वाटलं, मीटर चुकलं. कंपनीतून दुसरं उपकरण आणून तिने वायरीवर लावून पाहिलं. मीटर बरोबर होतं.

चार नंबरमध्ये कलाबाई आणि भिमाजी राहायचे. भिमाजींनी उभी हयात ओतकामाच्या कारखान्यात साच्यांच्या वाळूत काढली आणि ती वाळू त्यांच्या छातीत बसली. खाटेशेजारी एका संस्थेने दिलेलं ऑक्सिजनचं मशीन होतं, साधारण सुटकेसएवढं. त्याची नळी नाकाला. आंघोळ सोडली तर काढायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्या मशीनची घरघर दिवसरात्र चालायची, आणि सगळ्यांना तिची इतकी सवय झाली होती की ती कुणाला ऐकूच येत नसे. शुभांगीलाही. साडेतीनशे वॅट, इस्त्रीच्या निम्मेसुद्धा नाहीत. पण इस्त्री अर्ध्या तासात बंद होते.

कलाबाई एका खानावळीत पोळ्या लाटायच्या. आकडा ऐकून त्यांनी खाटेशेजारच्या मशीनकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजे इतके दिवस आमची वीज ह्या लोकांनी भरली. त्या नवसानं भरली."

"मावशी, आपण जुनी पद्धत परत सुरू करू. मी सांगते काकांना."

"तुझं मीटर खोटं हाय का?"

"नाही."

"मग झालं तर."

त्यांनी पैसे मोजून दिले. पूर्वीच्या वाट्याच्या अडीचपट.

पुढच्या आठवड्यात नवसाबाई आपण होऊन आल्या आणि आपण जुन्याइतकंच देत राहू म्हणाल्या. कलाबाईंनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. साईने पाकिटात घालून काही नोटा दिल्या, त्याही परत आल्या, वर शेंगदाण्याचे दोन लाडू. जुनी पद्धत परत आणू का, असं काकांना विचारलं तर ते हात जोडूनच उभे राहिले. पहिल्यांदाच बिलावरून भांडण झालं नव्हतं, आता त्यात ते हात घालणार नव्हते. काही सवलत मिळते का, ते विचारायला शुभांगी वीज कार्यालयातही जाऊन आली. तिथल्या माणसाने तिचं सगळं नीट ऐकून घेतलं. दर युनिटाला असतो, मशीन कशासाठी चालतं ते मीटरला कळत नाही, असं त्याने सांगितलं. यात चूक काय, ते तिला काढता येईना. महिनाभरापूर्वी ती स्वतः हेच म्हणत होती.

आकडा थोडा कमी सांगावा, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण चारमधून काढलेले युनिट कुठेतरी टाकावे लागणार, बेरीज मोठ्या मीटरशी जुळायला हवी. ते तिने स्वतःच्या नावावर घेतले असते. पण कलाबाई आता रोज कामावरून आल्या की फळीसमोर उभ्या राहून आकडे वाचायच्या. दशांश चिन्हाच्या पुढचा आकडा सोडून द्यायचा, हे शुभांगीनेच त्यांना शिकवलं होतं.

दुसऱ्या महिन्यात चार नंबरचे दीडशे युनिट झाले.

दिवा, पंखा, टीव्ही यांचे वीसेक वजा केले की उरतात एकशे तीस. भागाकार करायला शुभांगीला कागद लागला नाही. रात्रंदिवस चालायला हवं ते मशीन दिवसाला जेमतेम बारा तास चाललं होतं. बाकीचे बारा तास भिमाजींनी कसे काढले, ते मीटरवर नव्हतं.

ती त्यांना भेटायला गेली. ते उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसले होते, नळी गळ्यात अडकवलेली, ओठ जांभळट. मशीन का बंद आहे, असं तिने विचारलं.

"बसून राहिलो..." मध्ये त्यांना थांबावं लागलं. "बसून राहिलो की लागत नाय."

"भिमाजीकाका, डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

त्यांनी हाताने राहू दे अशी खूण केली. बोलण्यात श्वास जात होता, म्हणून तिनेच पुढे काही विचारलं नाही.

शनिवारी कंपनीला सुट्टी. दुपारी ती फळीसमोर उभी राहिली. प्रत्येक मीटरवर एक बारीक लाल दिवा होता. वीज खर्च होऊ लागली की तो लुकलुकतो, जास्त झाली की भराभर. साईचा थांबायला तयार नव्हता. तिच्या स्वतःच्या खोलीचा मधूनमधून लागत होता. चार नंबरचा लागलेला तिला दिसेना. तिने वाट पाहिली. एका पंख्याने सुद्धा तो अधूनमधून लागायला हवा होता. म्हणजे पंखाही बंद. दाराआडून खोकल्याचा आवाज आला, मग नुसता श्वास ओढल्याचा, लांबलचक.

कलाबाई धुण्याची बादली घेऊन बाहेर आल्या आणि तिला तिथे बघून थबकल्या.

"काय गं, वाढलं का?"

"नाही मावशी." तिने पुन्हा चार नंबरच्या दिव्याकडे पाहिलं. "थांबलंय."

"ह्या महिन्याला शंभराच्या आत आणते बघ," कलाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात समाधान होतं. बादली खाली ठेवून त्यांनी तिच्यातला भिमाजींचा सदरा काढला, घट्ट पिळला आणि दोरीवर टाकला.