दोन विहिणी, एक डोस आणि मी

कोण बोलतंय म्हणून इकडेतिकडे बघू नका. मीच बोलतोय, कोपऱ्यातला पांढरा. नळाच्या शेजारी, वजनकाट्याच्या मागे उभा आहे ना, तो. वस्तीतल्या मोफत दवाखान्यातला लसींचा फ्रिज.

घरातल्या फ्रिजसारखा मला समजू नका हं. माझ्यात कालची भाजी नाही, अर्धं कापलेलं लिंबू नाही, आणि मलईच्या वाट्या तर मुळीच नाहीत. माझ्या पोटात फक्त लसी. त्यांना लागतो दोन ते आठ अंशांचा गारवा. फार थंडी झाली तर त्या गोठून वाया, ऊब लागली तर उबून वाया. उभा जन्म मी दोन ते आठच्या मध्ये काढला. थंड डोक्याची माणसं असतात म्हणे, मी थंड पोटाचा.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. पत्रा वाकवला, नळ्या बसवल्या, दाराला रबर लावलं. तपासणाऱ्या माणसाने माझ्या पाठीला कान लावला आणि म्हणाला, "घुरघुरतोय जरा, पण चालेल." ते घुरघुरणं अजून आहे. ज्याची त्याची सवय.

आधी मी एका मोठ्या रुग्णालयात होतो. तिथे येणाऱ्या प्रत्येकाकडे कार्ड असायचं. खिडकीत कार्ड सरकवलं की यंत्र टिंग करायचं, काम फत्ते. विमा हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नसे. श्वास घेताना कुणी 'श्वास' म्हणतं का? मग तिथे काचेच्या दाराचे नवे फ्रिज आले आणि मला दोरीने बांधून इकडे पाठवलं. वाटलं, संपलं आपलं. पण नाही, खरं काम तर इथेच सुरू झालं.

इथे आमची सिस्टर. सकाळी आल्या आल्या आधी माझ्याकडे बघते, मग घड्याळाकडे, मग माणसांकडे. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा माझं तापमान वहीत लिहिते. एवढी काळजी तिने नवऱ्याच्या तापाची घेतली नसेल! आणि बाहेर टेबलावर नोंदणीवाले काका. काका मनाने सोन्यासारखे, पण कानाने अधू. ज्याला कमी ऐकू येतं तो मोठ्याने बोलतो, तसं त्यांचं होतं. माझ्या खोलीचं दार फुगून अडकलेलं, कधीच लागत नाही. त्यामुळे बाहेरचा शब्दन् शब्द मला ऐकू येतो.

आता नियम सांगतो. माझ्यातल्या काही लसी विमा नसलेल्या मोठ्या माणसांसाठी मोफत येतात. लहान मुलांच्या लसी वेगळ्या. विमावाल्यांना त्यांच्या त्यांच्या दवाखान्यात मिळतात. मधे उरतात ती दिवसभर राबणारी, आजारी पडायला वेळ नसलेली माणसं. लस त्यांच्यासाठी. म्हणून काकांच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता, आणि तो ते चार घरांना ऐकू जाईल असा विचारायचे, "विमा आहे का?"

एकदा एक आजोबा म्हणाले, "विमान? नाही हो, चालत आलो." सगळी रांग खो खो हसली. मीसुद्धा जरा जास्तच घुरघुरलो.

पण सगळीच उत्तरं हसण्यासारखी नव्हती. रांगेत ओळखीचं कुणी असलं की माणसाच्या घशात 'नाही' अडकतं, हे मी कितीदा तरी पाहिलंय. नोकरी धड नाही, कार्ड नाही, तरी तोंडातून निघतं, "आहे की! असं कसं नसेल?" मग काका म्हणायचे, "मग तुमच्या दवाखान्यात जा." आणि ज्याच्यासाठी लस ठेवलेली, तोच रिकाम्या दंडाने घरी. इतका राग यायचा मला त्या एका शब्दाचा!

एका सोमवारी दोन मावश्या आल्या. एक दुकानात शाळांचे गणवेश शिवणारी, तिला आपण शिलाईमावशी म्हणू. दुसरी धुलाईच्या दुकानात इस्त्री करणारी, ती इस्त्रीमावशी. दोघी वेगवेगळ्या वाटेने आल्या आणि रांगेत एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या. दोघींचे चेहरे असे झाले की काय सांगू! कारण दोघी विहिणी. शिलाईमावशीची लेक ती इस्त्रीमावशीची सून, आणि तिला शेवटचा महिना लागला होता. तिने स्वतः लस घेतली होती आणि दोघींना बजावलं होतं, "डांग्या खोकल्याची लस घ्या, पंधरा दिवस जाऊ द्या, मगच बाळाला हात लावायचा. आजी असो नाहीतर आणखी कुणी."

"तुम्ही इकडे कुठे?" शिलाईमावशीने विचारलं.

"सहजच," इस्त्रीमावशी म्हणाली. लसीच्या रांगेत सहज!

काकांनी शिलाईमावशीला गाठलंच. "विमा आहे का?"

तिने मागे पाहिलं. विहीण कान देऊन उभी. लग्नाच्या वेळी 'आमच्या दुकानाचं सगळं चोख आहे' असं ती बोलून बसली होती. आता माघार कशी घेणार? "आहे," ती म्हणाली. "दुकानाचाच."

"आमचा तर कधीचा आहे," इस्त्रीमावशीने काकांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

काकांनी दोघींच्या फॉर्मवर 'आहे' लिहिलं आणि दोघींना वाटेला लावलं. माझ्या पोटात डांग्या खोकल्याचे आठ डोस होते. आठ! मला पाय असते तर मी पळत जाऊन दोघींना रस्त्यात गाठलं असतं. पण मला साधं खोकतासुद्धा येत नाही.

संध्याकाळी सिस्टरने फॉर्म चाळले. विमा आहे, आणि खाली कंपनीचं नाव कोरं. दोन्हींवर. तिने कपाळाला हात लावला.

"काका, एवढ्या मोठ्याने विचारू नका हो."

"ऐकू मला कमी येतं, त्यांना कुठे?" काका म्हणाले.

"तेच तर सांगतेय मी."

दुसऱ्या दिवशी टेबलावर कागद चिकटला. 'ही लस विमा नसलेल्यांसाठी आहे. इथे येणाऱ्या बहुतेकांना विमा नसतो. फक्त बोट ठेवा.' खाली दोन चौकोन, आहे आणि नाही. मग तिने दोघींना फोन केला आणि दोघींना तेच सांगितलं, "मावशी, कंपनीचं नाव राहिलंय. नसेल तर गुरुवारी एक वाजता या, तेव्हा कुणी नसतं." दोघींना एकच वेळ देतेय हे तिच्या लक्षात आलं की नाही, ते मला विचारू नका. ती जरा हसली होती एवढं खरं.

मधे बुधवार आला. तो सांगायला मला जड जातं.

उकाडा होता. सिस्टर थंड पेटीत डांग्या खोकल्याचा एक डोस घेऊन अंथरुणाला खिळलेल्या एका बाबांच्या घरी गेली होती. काकांनी स्वतःची पाण्याची बाटली माझ्या दारात ठेवली. नियम त्यांना पाठ होता, पण तहानेपुढे कसला नियम! बाटली कलंडली, तिचं बूच दाराच्या रबरात अडकलं आणि मी बोटभर उघडा राहिलो. तीन तास मी जिवाच्या आकांताने धडधडत होतो. सिस्टर परतली तेव्हा माझा पारा चौदावर होता. तिने वरच्या कचेरीला फोन लावला, मग सगळे डोस खोक्यात भरून त्यावर लाल अक्षरांत लिहिलं, 'वापरू नये'.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. "मला वाटलं, दार लागलं," एवढंच ते पुटपुटले. माझी तर मान खाली गेली. बाहेरून हात लावला तर मी नेहमीसारखाच गार लागत होतो, आणि आतून सगळा उबलो होतो. सोमवारच्या त्या दोघींना मी नावं ठेवली होती, ती आठवली.

एकच डोस वाचला. थंड पेटीतला. त्या बाबांना ताप होता म्हणून टोचलाच नव्हता, आणि आता त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवलं होतं.

गुरुवारी एकच्या ठोक्याला शिलाईमावशी आली. कागदाकडे न बघता ती थेट आमच्या खोलीत शिरली आणि एका दमात म्हणाली, "सिस्टर, विमाबिमा काही नाही. सोमवारी खोटं बोलले मी."

तेवढ्यात दारात पाऊल वाजलं. इस्त्रीमावशी! तिने सगळं ऐकलं होतं.

"मग विहीणबाई, तो दुकानाचा विमा?" इस्त्रीमावशीने विचारलं.

"आणि तुमचा कधीचा?"

"तुमचा ऐकला आणि उभ्या उभ्या काढला."

आधी शिलाईमावशीला हसू फुटलं, मग दोघींना. हसता हसता डोळे पुसायची वेळ आली. मग सिस्टरने खरं ते सांगितलं. डोस एकच आहे. नवे यायला दोन आठवडे, कदाचित जास्त. लेकीचे दिवस भरायला तीन आठवडे. दोघींचं हसू मावळलं.

"तुम्ही घ्या."

"छे छे, आधी तुम्ही."

"हा काय चहाचा कप आहे, आग्रह करायला?" सिस्टर म्हणाली. "एकीने बाही वर करा."

इस्त्रीमावशी विहिणीच्या जवळ सरकली. मग हळू आवाजात म्हणाली, "माझी धाकटी बहीण दोन महिन्यांची असताना या खोकल्याने गेली. मी सात वर्षांची होते. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. लेक तुमच्याच मजल्यावर राहते, बाळ आधी तुमच्या हातात येणार. तुम्ही घ्या. मी लांब उभी राहीन."

शिलाईमावशीने बाही वर केली. सुई टोचली तेव्हा तिने विहिणीचा हात धरला होता.

पंधराव्या दिवशी बाळ आलं, जरा लवकरच. मुलगी. डोस आले सतराव्या दिवशी. कामावरून थेट धावत आलेल्या इस्त्रीमावशीला सिस्टरने पहिला डोस टोचला आणि कार्डावर तारीख लिहून दिली. "या तारखेपर्यंत थांबा, मावशी."

आणि ती थांबली. शिलाईमावशी येऊन सिस्टरला सांगायची, "रोज येतात, उंबऱ्यापाशी उभ्या राहतात, हात मागे बांधून. तिथूनच नातीशी गप्पा मारतात. मी म्हटलं, नुसतं बोट तरी लावा. तर म्हणतात, तारीख व्हायचीय." ऐकून मला भरून यायचं. मला तीन तास मिटून राहता आलं नाही तर सात डोस गेले, आणि ही बाई पंधरा दिवस हात मागे बांधून उभी.

तारखेच्या दिवशी तिघी बाळाला वजनाला घेऊन आल्या. काटा माझ्या पुढ्यातच, तेव्हा सगळं मला नीट दिसलं. इस्त्रीमावशीने माझ्या शेजारच्या नळावर दोनदा हात धुतले. सिस्टरने कार्ड पाहिलं, बोटांवर दिवस मोजले.

"झाले पंधरा. घ्या तिला."

शिलाईमावशीने नात पुढे केली. "घ्या विहीणबाई. इतके दिवस मी नुसती धरून ठेवली होती तुमच्यासाठी."

वर्षानुवर्षं इस्त्री फिरवून घट्टे पडलेले ते हात पुढे झाले. बाळाने एक जांभई दिली आणि तिच्या कुशीत झोपून गेलं. लेक भिंतीकडे तोंड करून रडत होती, आणि सिस्टर उगाच माझं दार पुसत होती.

आणि नेमके त्याच क्षणी काका, नवा फॉर्म हातात, जुनी सवय जिभेवर! चार घरांना ऐकू जाईल असे ओरडले, "बाळाचा विमा आहे का?"

सगळी रांग वळली. काकांनी जीभ चावली. पण इस्त्रीमावशीने बाळ छातीशी घट्ट धरलं आणि काकांपेक्षा मोठ्याने म्हणाली, "नाही! विमा नाही. दोन आज्या आहेत. लिहा!"

"कुठल्या रकान्यात?" काकांनी विचारलं.

रांगेत हशा पिकला. मग मागून एक माणूस म्हणाला, "मलाही नाही हो." त्याच्या मागची बाई म्हणाली, "आम्हालाही नाही." आणि त्या दिवशी कागदावरच्या चौकोनावर बोट ठेवायची कुणालाच गरज पडली नाही.

आता माझी पाठ फार घुरघुरते. पुढच्या आठवड्यात नवा फ्रिज येतोय. दार उघडं राहिलं की शिट्टी मारतो म्हणे. मारू दे बापडा, मला ते कधी जमलं नाही. मला मागच्या खोलीत नेणार, डबे आणि पाण्याच्या बाटल्या ठेवायला. काकांच्या बाटलीला अखेर हक्काची जागा मिळेल. माझा राग नाही.

जाता जाता एवढंच सांगतो. कुणी विचारलं आणि नसेल, तर नाही म्हणा. चारचौघांत म्हणा. तुमच्या नावाचा डोस आत गारठून वाट बघत असतो आणि तो फार दिवस थांबू शकत नाही. चला, सिस्टर आली, तापमान लिहायची वेळ झाली. तुम्ही निघताना तेवढं माझं दार लावून घ्या. नुसतं लोटू नका, टक् असा आवाज आला पाहिजे.