गोजरबाईंनंतरचं झाड

कानिफनं नवा बँड काढला तो गाण्याच्या हौसेनं नाही, बहिणीसाठी.

पुण्यात बरीच वर्षं तो हार्डकोर रॉक गायचा. गायचा म्हणजे ओरडायचा, पण त्या ओरडण्यालाही एक शास्त्र असतं. खऱ्या स्वरतंतूंवर ताण न देता त्यांच्या वरचे पडदे थरथरवायचे आणि श्वास पोटातून तोलून सोडायचा. हे नीट जमलं तर तासभर गुरगुरूनही माणूस साध्या आवाजात चहा मागू शकतो.

त्याच्या आईला हे कुणी शिकवलं नव्हतं. गोजरबाईंच्या अंगात दर गुरुवारी नाथांचं वारं यायचं आणि गळ्यातून एक खोल, फाटका आवाज निघायचा. शेवटी शेवटी त्यांचं बोलणंच बंद पडलं. पाणी हवं असलं तर त्या तांब्या वाजवायच्या. गुरुवारचा तो दुसरा आवाज मात्र होता तसाच राहिला.

त्या गेल्यावर काही महिन्यांनी तोच आवाज रेश्माच्या गळ्यातून आला. ती नगरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. होस्टेलवर ती झोपेत गुरगुरायला लागली तेव्हा मैत्रिणींनी खोल्या बदलून मागितल्या, आणि वॉर्डननं तिला बरं वाटेपर्यंत घरी जायला सांगितलं. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरतंतूंना सूज होती. हे थांबलं नाही तर आवाज जाईल, असं ते म्हणाले. का होतंय ते त्यांना सांगता आलं नाही.

शेवगावजवळच्या त्यांच्या वस्तीवर ते कुणाला विचारायची गरज नव्हती. ज्याच्या अंगात वारं येतं त्याला झाड म्हणतात. झाड गेलं की वारं त्याच घरात दुसरं झाड बघतं. सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे कुणी बोलत नव्हतं. कानिफला एवढंच कळत होतं, की वाऱ्याला गळाच हवा असेल तर आपला तयार गळा आहे. तो त्यानं घ्यावा.

गिटारला शौनक आला. तो नगरचा, भिक्षुकांच्या घरातला, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेला. "आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या देवाला उठवायचंच काम आहे," तो म्हणाला, "पण अशा कानठळ्या बसवून नाही." ड्रमवर वस्तीवरचाच सुनील होता. सराव कापसाच्या शेडमध्ये चालायचा. भाव वाढेपर्यंत ठेवलेल्या कापसानं भिंती भरल्या होत्या, त्यामुळे आवाज घुमत नसे. नियम कानिफचे होते. गुरुवारी उपास, चपला दाराबाहेर, तिकीट नाही, आणि प्रत्येक गाणं म्हणजे नाथांना दिलेलं बोलावणं. रेश्मा गळ्याला पंचा गुंडाळून कापसावर बसून ऐकायची.

कानिफच्या गळ्यातून आवाज हुबेहूब आईचा निघत होता. सुनील तर पहिल्या दिवशी काठ्या खाली ठेवून बाहेर जाऊन आला. पण त्या आवाजाच्या आत कानिफ टक्क जागा असायचा. मात्रा मोजत असायचा. येणाऱ्यासाठी दार सताड उघडावं आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत बसावं, तसं त्याला दर गुरुवारी वाटायचं.

एका सकाळी रेश्माच्या उशीवर रक्ताचा डाग दिसला. तेव्हा कानिफनं ठरवलं की वारं येत नसेल तर आलं असं दाखवायचं.

त्या गुरुवारी तो ओरडता ओरडता गुडघ्यांवर कोसळला आणि आईसारखा घुमायला लागला. रेश्मा धावत जाऊन वडिलांना, आबांना, घेऊन आली. आलेल्या वाऱ्याला घरातल्याच माणसानं विचारायचं असतं. गोजरबाईंना नेहमी आबाच विचारायचे. त्या गेल्यापासून ते शेडकडे फिरकलेही नव्हते.

"कोन हाय?" आबांनी विचारलं.

"नाथ."

"पोरीकडं काय काम हाय?"

"पोरीला सोडली. आता हे झाड माझं."

रेश्मानं तोंडावर हात धरला. आता खूण पटवायची राहिली होती. तळहातावर कापूर पेटवायचा. झाड खरं असेल तर हात हलत नाही. गोजरबाईंचा कधी हलला नव्हता.

आबांनी कापूर ठेवून काडी ओढली. कानिफनं दात आवळले, पण ज्योत कातडीला भिडताच हात हिसका देऊन वर उडू लागला. आबांनी खालून तो घट्ट धरला, वरून आपला पंजा दाबला आणि जळता कापूर दोघांच्या हातांत मिटवून टाकला. रेश्मा त्यांच्या पाठीमागे होती. तिला काही दिसलं नाही. बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"खूण पटली," आबा म्हणाले. "देवच हाय."

त्या दिवसापासून रेश्मा गाढ झोपू लागली. सूज उतरली. डॉक्टर खूश झाले. शौनकनं मनावरचा भार, झोप असं काहीतरी समजावून सांगितलं आणि कानिफला ते पटावंसं वाटलं. त्याच्या तळहातावरचा फोड फुटून वाळला. आबांच्या हाताला काय झालं, ते त्यांनी दाखवलं नाही. वॉर्डनचा फोन आला, शुक्रवारी सकाळी हजर व्हायला सांगणारा.

गुरुवारी संध्याकाळी रेश्मा बॅग भरून शेवटचं ऐकायला शेडमध्ये येऊन बसली. वायर कमी पडली म्हणून कानिफ गोठ्यात आणायला गेला.

गाय दावं ताणून भिंतीला चिकटली होती. आबा गव्हाणीपाशी उकिडवे बसले होते. पंचाचा बोळा त्यांनी तोंडात कोंबला होता. त्या बोळ्यातूनही आवाज येत होता. यात शिकलेलं काही नव्हतं. कानिफला ते पहिल्या श्वासातच कळलं.

त्यानं विचारायला तोंड उघडलं. आबांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि बोळा काढला.

"इचारू नगं," ते धापत म्हणाले. "खोट्या खुनंला मी देव म्हनलो. आता ते माजं मी बघतो."

"आबा, मला घेऊ दे की ते."

"तुला कुटं घेतंय ते." ते क्षणभर हसल्यासारखे दिसले. मग मान पुन्हा मागं ओढली गेली. "पोरगी सकाळी जानार हाय. तिला ऐकू जाऊ देऊ नगं. जा, तू गा. मोठ्यानं गा."

त्यांनी बोळा परत तोंडात घातला.

कानिफ वायर घेऊन शेडमध्ये आला. गाय का ओरडतेय, रेश्मानं विचारलं. गोमाश्या चावत असतील, तो म्हणाला. मग त्यानं शौनकला आवाज पूर्ण चढवायला सांगितलं. पत्रे उडतील, शौनक म्हणाला. उडू देत, असं म्हणून कानिफनं माईक हातात घेतला.

एक गाणं झालं की सुनील पाणी प्यायला थांबायचा. त्या दिवशी कानिफनं त्याला थांबू दिलं नाही.