मुशीचं प्रॅक्टिकल

वेसाव्याच्या बळवंत नाखव्याची पोर मुशीच्या प्रॅक्टिकलमध्ये नापास झाली, हे कोळीवाड्याला कळलं असतं तर लोक गडाबडा लोळून हसले असते. म्हणून कमळनं ते कुणाला सांगितलंच नव्हतं. उन्हाळ्यात निकाल लागला तेव्हा घरी येऊन ती म्हणाली, "इंग्रजीत गेले." इंग्रजीत कुणीही जातं, त्यात नाक कापल्यासारखं काही नाही. बळवंतनं ऑक्टोबरला पुन्हा बसायची परवानगी दिली आणि वर बजावलं, "या टायमाला झाला तर झाला. नायतर टोपली उचल न आयशीसंगती अंधेरीच्या बाजारान बस."

खरं झालं होतं ते असं. बी.एस्सी.च्या झूऑलॉजीच्या परीक्षेला ट्रेमध्ये मुशी आली. मुशी म्हणजे शार्कची लहान जात. कॉलेजच्या मुलांना वर्षातून दोन-चारदा चिरायला मिळणारी आणि कमळच्या घरी हरघडी कालवणात पडणारी. हृदयापासून कल्ल्यांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या उघड्या करून दाखवायच्या होत्या. गळ्याखालची कातडी अलगद सोलायची, स्नायूंचे पदर एकेक करून बाजूला सारायचे, बारीकशी शीरही तुटू द्यायची नाही. कमळला सगळं तोंडपाठ होतं. पण तिची घाबरगुंडी उडालेली, हातात सुरी, समोर मुशी उताणी, आणि डोकं चालायच्या आत हात चालला. पोटापासून गळ्यापर्यंत एक चीर, कल्ल्यांत दोन बोटं, एक हिसका. काळीज, कल्ले, आतडी, सगळा ढीग ट्रेच्या कोपऱ्यात! आईनं लहानपणापासून शिकवलेली सफाई ती हीच. दाखवायच्या रक्तवाहिन्याही त्या ढिगातच गेल्या होत्या. बाहेरून आलेले परीक्षक जवळ आले, चष्मा सावरून त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "छान. आता हळद-मीठ लावा."

सगळा हॉल हसला. मुलुंडची उत्तरासुद्धा हसली. पहिल्या वर्षी माशाच्या वासानं घेरी येऊन हीच उत्तरा कमळच्या खांद्यावर पडली होती, आणि पुढे "तुला काय बाई, घरचंच काम," असं वर्षभर म्हणत आली होती. त्या दिवशी तिनं मात्र सुरेख डिसेक्शन केलं आणि पास झाली. होणारच. तिच्या हाताला विसरायचं काही नव्हतंच मुळी.

फादर मिरांडा झूऑलॉजी शिकवत. ते अंधेरीचेच, ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मातीतले मराठी बोलणारे ख्रिस्ती. कमळची फी त्यांनीच शब्द टाकून माफ करून घेतली होती, त्यामुळे तिच्यापेक्षा त्यांनाच जास्त ओशाळल्यासारखं झालं. पण ते रागावले नाहीत. म्हणाले, "पोरी, तुझा हात डोक्याच्या पुढं धावतो. ईस्टरच्या आधी आम्ही मांस सोडतो ना, तशी तू घरची सुरी सोड. परीक्षेपर्यंत मासळीला हात लावू नकोस."

कमळनं सुरी सोडली, आणि तिथूनच घरात बिनसलं. मथुरा, तिची आई, बाजारातून दमून यायची आणि उरलेली मासळी तिच्यापुढे सारायची. कमळ म्हणायची, "आये, मना अभ्यास हाय." एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, मग रोजचंच झालं. शेजारची मालन ओट्यावर बसून मोठ्यानं बोलली, "फादरांच्या कॉलेजान जाऊन पोरीला म्हावऱ्याची घाण यायला लागली गो!" मथुरानं तिला शिव्या घातल्या. पण त्यानंतर कमळच्या केसांना तेल लावण्याआधी ती साबणानं हात धुवायला लागली. एकदा धुवायची, हुंगून बघायची, पुन्हा धुवायची.

कमळला ते बघवेना. खरं सांगावं तर उन्हाळ्यातलं खोटं उघडं पडलं असतं, मग बापाचा संताप आणि वर कोळीवाड्याचं हसू. परीक्षा होऊ दे, मग सांगू, असं ती मनाला समजावत राहिली आणि मान खाली घालून तेल लावून घेत राहिली.

ऑक्टोबरात प्रॅक्टिकलच्या दिवशी टेबलावर चिठ्ठ्या मांडलेल्या होत्या. बेडूक येऊ दे, झुरळ येऊ दे, काय वाटेल ते येऊ दे, असं म्हणत कमळनं चिठ्ठी उचलली. मुशी. रक्तवाहिन्याही त्याच. तिच्या तोंडचं पाणी पळालं. मान वर केली तर समोर परीक्षकही तेच, चष्मेवाले.

ट्रे पुढ्यात आला. मुशी उताणी, पांढरं पोट वर. कमळचा उजवा हात शिवशिवायला लागला. तिनं सुरी खाली ठेवली आणि ट्रे टेबलावरच उलट्या दिशेला फिरवला. घरी मुशीची शेपूट आपल्याकडे असते. आता डोकं तिच्याकडे आलं. हाताला ओळख पटू नये, एवढाच तिचा डाव होता.

कातडी सुटली. पहिला पदर निघाला, दुसरा निघाला. मधली मोठी वाहिनी दिसायला लागली. घाम डोळ्यांत उतरत होता, तरी तिनं तो पुसला नाही. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून कुणाचा तरी ट्रे खाली पडला. खणकन आवाज झाला, कमळ दचकली, आणि खाली पाहते तर डाव्या हाताची दोन बोटं कल्ल्याच्या फटीत शिरलेली! हिसका तेवढा द्यायचा राहिला होता.

तिनं श्वास रोखला. बोटं तिची असून तिची नव्हती. आधी एक बोट काढलं, जरा थांबली, मग दुसरं काढलं. वाकून पाहिलं. वाहिनी शाबूत होती.

परीक्षक आले. चिमट्याच्या टोकानं एकेक फाटा मोजला, दोन्ही बाजू पाहिल्या. "मागच्या खेपेला तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं.

"हो, सर."

त्यांनी मार्क टिपले. "उत्तम आहे," एवढंच म्हणाले आणि पुढं गेले. दाराशी उभ्या असलेल्या फादर मिरांडांनी छातीवर क्रूस काढला. आता निकालाची वाट बघायचीही गरज नव्हती.

घरी आली तेव्हा मथुरा ओट्यावर मासळी साफ करत बसली होती. लेकीला पाहताच तिनं टोपली मागं ओढली आणि साबणाकडे हात नेला. कमळला भडभडून आलं. तिनं आईचा हात, खवल्यांनी भरलेला, तसाच धरला आणि सगळं सांगून टाकलं. इंग्रजी नव्हतं गेलं, मुशी गेली होती. घाण कधीच येत नव्हती. हाताला तुझी चीर विसरायला लावायची होती, म्हणून लांब राहिले. सांगता सांगता तिला हसू फुटलं. परीक्षकांचं हळद-मीठही तिनं नक्कल करून सांगितलं.

मथुरा हसली नाही. कमळच्या हातातला हात तिनं हळूच सोडवून घेतला.

"म्हंजे मी शिकवला, म्हनून तू नापास झालीस?"

"तसं नाय गो, आये."

"मंग कसा?"

कमळनं तोंड उघडलं. पण आईशी खोटं बोलायचं तिनं आत्ताच कुठं सोडलं होतं.