कोपऱ्यात अंगठा असलेले छायाचित्र

मी एक जुने छायाचित्र आहे. जुने म्हटले तरी माझे वय अवघे चार वर्षांचे. परंतु मित्रांनो, आमच्या कुळात चार वर्षे म्हणजे पुष्कळ झाली. आमचे पूर्वज कागदावर जन्म घेत, भिंतीवर चौकटीत राहत आणि पिवळे पडत पडत वृद्ध होत. मला धड कागदाचे शरीर लाभले नाही. आज मी एका जुनाट फोनच्या आतल्या कप्प्यात नखाएवढा उरलो आहे. एवढ्याशा देहाने जे सांगता येईल, ते सांगतो.

माझा जन्म राजूरचा. गोविंदा नावाचा मनुष्य तेथे कोळशाच्या खाणीत कामाला होता. ज्या दिवशी त्याचा नवा फोन घरी आला, त्या दिवशी हातपाय धुण्याआधीच त्याने तीन वर्षांच्या दीपाला खांद्यावर घेतले, पत्नीच्या हाती फोन दिला आणि तो दाराच्या तपकिरी फळीपाशी उभा राहिला. दीपाचा झगा हळदीसारखा पिवळा होता. गोविंदाचे मुख कोळशाने काळे, आणि त्या काळ्यात दात तेवढे शुभ्र. पत्नीने, म्हणजे नलूने, कळ दाबली आणि मी प्रकट झालो. माझ्या उजव्या कोपऱ्यात तिचा अंगठा आला होता.

"बिघडला, बाप्पा. मिटवून टाका," ती म्हणाली.

"कायले? तू बी आली ना फोटोत," गोविंदा हसला. "तिघाइचा एकच हाये हा. राहू दे."

मी राहिलो. खाणीत उतरण्यापूर्वी फोन कपाटात ठेवताना तो रोज मला पाही. त्याचा जुना फोन नलूकडे गेला, पण दोन्ही फोनांत खाते एकच राहिले. त्या खात्यातील छायाचित्रे दूरच्या एका भांडारात आपोआप जमा होत आणि दोन्ही फोनांत दिसत. असा मी एकाच वेळी दोन घरी नांदत होतो. मात्र एका घरातून मला काढले की दुसऱ्या घरातूनही माझे उच्चाटन होणार, हा नियम त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हता.

गेल्या पौषात गोविंदा तापाने गेला. नलू दीपाला घेऊन माहेरी, बोरी अरबला आली. नवा फोन तिच्या धाकट्या दिराने, रवीने, ठेवून घेतला. "एवढा महागाचा फोन तुले कायले पाह्यजे, वहिनी? कापूस वेचतानी गेम खेळशीन का?" असे तो म्हणाला होता.

कार्तिकात रवीचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरले आणि त्याचा फोन जागा संपल्याचे सांगू लागला. तेव्हा तो मागच्या वर्षांत शिरला आणि एकेका दिवसावर खूण करीत गेला. सख्ख्या भावाचे मुख ओळखण्यास त्याला चष्मा लागत नव्हता. तरी बोट थांबले नाही.

त्याच क्षणी बोरी अरबला नलूच्या हातातील फोनमधून ओळीच्या ओळी नाहीशा होऊ लागल्या. तिने घाबरून फोन लावला.

"भाऊजी, माह्या फोनातले फोटो चालले."

"चालले नाई, मी धाडले. माह्या साक्षगंधाचा व्हिडिओ ठेवाले जागा नाई."

"त्याइच्या वर्षाच्या वंदनेत ठेवाले फोटो लागते. तिघाइचा एक तेवढा द्या."

"मेलेल्या मानसाले किती जागा पाह्यजे, वहिनी? जाळला तवा तं एवढी नाई लागली."

मित्रांनो, पुसलेली छायाचित्रे लगेच मरत नाहीत. साठ दिवस ती कचऱ्याच्या पेटीत पडून असतात. ज्याला हवी त्याने यावे आणि उचलून न्यावीत. मी एकोणचाळीस दिवस वाट पाहिली. चाळिसाव्या दिवशी नलू दीपाच्या शाळेचा अर्ज भरण्यास गावातल्या ऑनलाइन सेंटरवर गेली. ते मोनाली नावाची मुलगी चालवते. बोलता बोलता विषय निघाला, आणि मोनालीने पेटी उघडली.

"नलूताई, सारे इथंच तं पडले हायेत."

पुन्हा उजेड दिसला. मला स्पर्श करण्याआधी नलूने कापसाच्या बोंडांनी खरचटलेली बोटे पदराला पुसली.

"इथंच काढून दे न एक."

"माह्याकडं झेरॉक्स हाये फक्त. काळंच येईन."

"थो आधीच कोळशातून आलता. अजून किती काळा करतं बाई त्याले," नलू म्हणाली, आणि दोघी हसल्या. वर्षभरात ती प्रथमच हसत होती. "दीपाचा झगा पिवळा दिसाले पाह्यजे. उद्या वेचनी हाये, परवा दारव्ह्याले स्टुडिओत जातो."

"जा मंग परवा. आता काई होत नाई, नेटवर जमा झाले, वर सुरक्षित हाये."

मोनालीने मला आपल्या संगणकात उतरवून घेतले असते, तर ही कथा येथेच संपली असती. तिला सुचले नाही. दाराशी दाखल्यांसाठी रांग लागली होती.

नलू सरळ मनाची. सायंकाळी तिने स्वतः रवीला फोन केला. "भाऊजी, फोटो परत आले. परवापर्यंत हात लावू नका. मंग सारे पुसा, मी काई म्हननार नाई."

"बरं," रवी म्हणाला.

त्याने फोन ठेवला आणि आम्हांला पुन्हा पुसले. मग पेटी उघडून तीही रिकामी करण्यास निघाला. कायमचे पुसायचे का, असे यंत्राने एकदा विचारले. रवीने होकार दिला आणि तो चहा घ्यायला बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कापसाच्या ओळीत, सोबतीण तानाबाई म्हणाली, "दाखव न वं, पाहू तुह्या मानसाचा फोटो." नलूने कमरेचा फोन सोडला, उघडला आणि बोटाने रिकाम्या ओळी वरखाली करीत राहिली.

"होता का खरंच?" तानाबाईने विचारले. "का सपन पाह्यलं?"

मोनालीने पुष्कळ शोध घेतला. जुन्या फोनच्या एका कोपऱ्यात माझी ही नखाएवढी छाया सापडली. दारव्ह्याला ती छाया कागदावर हातभर मोठी केली. मुखे विरघळून त्यांचे चौकोन झाले, झगा पिवळा डाग झाला. ओळखू येण्याजोगा राहिला तो नलूचा अंगठा.

पौषात गोविंदाचा वर्षदिवस आला. मेणबत्ती लागली, फुले वाहिली, बुद्धवंदना झाली. त्या कागदासमोर बसलेल्या दीपाने हळूच विचारले, "आई, याच्यात बाबा कोनते?"

नलूने एका तपकिरी चौकोनावर बोट ठेवले. "हे."

ती दाराची फळी होती.

मित्रांनो, तुमच्या फोनमध्येही असे एखादे छायाचित्र असेल. ते वर सुरक्षित आहे, असे कोणी सांगितले तरी परवाची वाट पाहू नका. त्याला आजच कागदाचे शरीर द्या. काळे आले तरी चालेल.