हळू सांगायच्या गोष्टी

"खांदा हलला की बटण दाबायचं. कान-बिन काही लागत नाही." प्रेसवरच्या योगेशने सकाळी चहाच्या वेळी सांगितलेली युक्ती धनराज आहेर मनातल्या मनात घोकत होता. कारखान्याच्या आवारात कान तपासणीची गाडी आली होती, आणि तिच्यातल्या कपाटाएवढ्या बंद खोलीत तो बसला होता. कानांवर जाड हेडफोन, हातात बटण, समोर काच. काचेपलीकडे यंत्र चालवणारी तेजस्विनी. तिने कळ दाबली की तिचा उजवा खांदा किंचित उचलला जाई, आणि तो उचलला की धनराज बटण दाबी. डाव्या कानात त्याला काहीही ऐकू येत नव्हते. तरी परीक्षा झकास चालली होती.

खांदा पुन्हा हलला. धनराजने बटण दाबले. तेजस्विनी थबकली, काचेतून त्याच्याकडे पाहत राहिली, आणि मग दार उघडून तिने त्याचा हेडफोन वर उचलला.

"काका, आत्ता मी फक्त केस मागे घेतले."

धनराज ओशाळून हसला.

"तुमच्या प्रेसशॉपमधल्या सगळ्यांचे कान माझ्या खांद्यातच आहेत वाटतं! फिरवा खुर्ची. तोंड भिंतीकडे."

भिंतीला राखाडी, मऊ अस्तर होते. उजव्या कानात काही सूर आले. काही दूरच्या गावच्या दिव्यांसारखे लुकलुकून विझले. मग पाळी डाव्या कानाची आली, आणि तिथे फक्त अंधार होता. बटणावर अंगठा ठेवून तो वाट पाहत राहिला. आवाजाची वाट पाहताना माणूस किती एकटा असतो, हे त्याला त्या भिंतीपुढे कळले.

दसऱ्यापासून हे असेच होते. पत्रा कापणाऱ्या प्रेसवर त्याची उभी हयात गेली होती. तिथला प्रत्येक घाव आधी कानावर पडे, मग पत्र्यावर. कान जातोय हे त्याने कुणालाही सांगितले नव्हते. आशा, त्याची बायको, काही म्हणाली की तो मान डोलवी. मान डोलवणे बहुतेक वेळा खपून जाई. एकदा "भाजीत मीठ जास्त झालंय का?" या प्रश्नालाही त्याने समाधानाने मान डोलवली होती आणि दोन दिवस तिचा अबोला सोसला होता.

भीती निराळीच होती. त्याचे वडील, पुंजा आहेर, देवळ्याजवळच्या खडी क्रशरवर राबले आणि पन्नाशीत ठार बहिरे झाले. घरात त्यांना कुणी वाईट वागवले नाही. ताट वेळेवर मिळे, धोतर धुतलेले असे. फक्त कुणी त्यांना काही सांगेनासे झाले. पुंजाबाबांना सांगायचे म्हणजे अख्ख्या गल्लीला सांगायचे. आणि घरातल्या खऱ्या गोष्टी तर हळूच सांगायच्या असतात. धाकट्या मुलीची सोयरीक ठरली, हे त्यांना अंगणात मांडव पडला तेव्हा समजले. त्या दिवशी ते ओट्यावर बसून सगळ्यांकडे पाहून हसत होते. ते हसू धनराजला अजून विसरता आले नव्हते.

"डाव्यात काहीच नाही?" तेजस्विनीने समोर येऊन विचारले.

"नाही." पहिल्यांदाच त्याने हे तोंडाने उच्चारले. "गेला का कान?"

"मॅडम बघतील. इकडे या."

गाडीच्या मागच्या भागात पन्नाशीच्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. त्यांनी कानात उजेड टाकून वाकून पाहिले, मग चष्मा सारखा करून पुन्हा पाहिले.

"आहेरभाऊ, कानात काय घालता?"

"तेलाचा बोळा. जुनी माणसं घालायची, तेच आम्ही. मशीन पुसायला जुन्या बनियनच्या चिंध्या असतात ना, त्यातलीच एक घ्यायची, खोबरेल लावायचं..."

"आणि कंपनीनं दिलेले फोमचे बूच?"

"खिशात आहेत." त्याने खिसा चाचपला. "त्यानं खाज सुटते."

"खिसा बहिरा होणार नाही तुमचा, एवढं नक्की." त्यांनी बारीक चिमटा उचलला. "मान हलवू नका."

कानाच्या खोल आत काहीतरी सुटले. डोळ्यांत पाणी आले. चिमट्याच्या टोकाला एक काळपट, कडक गोळी होती आणि तिच्यातून निळ्या बनियनचा एक धागा लोंबत होता. कधीतरी बोळ्याचा तुकडा आत राहिला असावा. रोजच्या नव्या बोळ्याने त्याला आणखी आत रेटले असावे. तेल, मळ आणि कारखान्याची धूळ यांनी त्याला बूच करून टाकले असावे.

आणि मग आवाज आले. एखाद्या बंद घराची सगळी दारे एकदम उघडावीत तसे. ट्रेमध्ये पडलेल्या चिमट्याची किणकिण, पंख्याची घरघर, बाहेर योगेशचे कुणावर तरी खेकसणे, आणि या सगळ्याखाली त्याचा स्वतःचा श्वास. इतक्या महिन्यांनी स्वतःचा श्वास दोन्ही बाजूंनी ऐकून तो गोंधळला.

"गाव कोणतं?" बाईंनी विचारले. मुद्दामच हळू.

"देवळा."

बाईंचा चेहरा खुलला आणि बोलता बोलता त्या अहिराणीवर आल्या. "आम्ही सटाण्याचे. मग घाबरू नको भाऊ, कान जागावर शे."

धनराजला हसू फुटले आणि त्या हसण्यातच हुंदका निसटला. बाईंनी कागदात डोके घालून त्याला सावरायला वेळ दिला.

पुन्हा तपासणी झाली, या वेळी भिंतीकडे तोंड करून आणि खरी. डावा कान उजव्याच्या बरोबरीला आला होता. बाईंनी आलेख पुढे सरकवला. दोन्ही रेषा सरळ चालत येऊन एका ठिकाणी खाली घसरत होत्या.

"पडद्यामागं तीन इवलीशी हाडं असतात. ती आवाज आत पोचवतात. आत एक शंख आहे, आणि त्या शंखात केसांसारख्या बारीक पिकाचं वावर. आवाजाची झुळूक आली की ते डुलतं, म्हणून आपल्याला ऐकू येतं. बाजरी आडवी पडलेली पाहिलीय ना?"

"पाहिलीय की."

"एखाद्या वाऱ्यानं वाकली तर उठते. रोज गारपीट झाली तर मुळापासून जाते. तुमच्या वावराचा एक कोपरा गेलाय. बारीक, उंच आवाजांचा. तो पुन्हा उगवणार नाही, खोटं सांगत नाही. बाकीचं पीक उभं आहे. आजपासून बोळा बंद, मशीनवर असताना कान झाकणारे मफ. तेल नाही, काडी नाही, गाडीची किल्लीही नाही."

"किल्ली तुम्हाला कशी कळली?"

"सगळ्या नाशिकची तीच सवय आहे."

संध्याकाळी तो सिडकोतल्या घरी आला. त्या रांगेतल्या घरांना मधली भिंत एकच, त्यामुळे आशाचा चढलेला आवाज शेजारच्या यशोदाबाईंना रोज फुकट ऐकायला मिळे. आशा ओट्याशी पाठमोरी होती आणि स्वतःशीच पुटपुटत होती, "आले असतील. आता पुतळ्यासारखे बसतील. चहा हवा का म्हणून तीनदा ओरडायचं..."

"एकदाच विचार. हवाय," तो बाहेरच्या खोलीतून म्हणाला.

पातेल्यावरचा तिचा हात तसाच राहिला. ती दारात आली. त्याने तिला खुर्चीत बसवून सगळे सांगितले: खांदा, भिंत, निळा धागा, आणि न उगवणारा कोपराही. ती आधी मनसोक्त चिडली, मग पदर तोंडाला लावून हसली.

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?" तिने सवयीने मोठ्याने विचारले.

"हळू बोल."

ती वरमली. भिंतीकडे तिने एक नजर टाकली आणि खुर्ची जवळ ओढली.

"तुम्हाला एक सांगायचं होतं. दिवाळीपासून राहिलंय. ओरडून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून..."

धनराजने मनात महिने मोजले. दिवाळीपासून. म्हणजे वडिलांच्या त्या ओट्यावर तो केव्हाच जाऊन बसला होता, आणि त्याला ठाऊकही नव्हते. त्याने गुडघ्यावरचा तिचा हात घट्ट धरला.

"सांग."

"आपल्या सायलीनं एक मुलगा बघितलाय. हर्षल नाव. चांगला वाटतो. ती म्हणते, आधी पप्पांना..."

पुढचे शब्द तिने इतके हळू उच्चारले, की त्यांच्या कडा त्या गेलेल्या कोपऱ्यात विरून गेल्या. कालपर्यंत त्याने मान डोलवली असती. आज तो तिच्याजवळ वाकला.

"ऐकू नाही आलं," तो म्हणाला. "पुन्हा सांग."

आशाने पुन्हा सांगितले, तितक्याच हळू, त्याच्या कानाशी ओठ नेऊन.